मावशींना सगळं माहीत असतं, तरी कंबर का धरते?

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. बेसा रोडकडे तुमचा वृद्धाश्रम आहे. ३२ आजी-आजोबा, त्यांतले ११ पूर्ण खाटेवर. कर्मचारी १८, बहुतेक बाया, म्हणजे आपल्या मावशी. वर्षभरात तिघींची कंबर गेली, त्यांतली एक काम सोडून गेली. एका मुलीला इन्सुलिनची सुई टोचली, ते तुम्हाला आठ दिवसांनी आणि तेही दुसरीच्या तोंडून कळलं. तुम्ही बाहेरून माणूस बोलावून दोन तासांचं प्रशिक्षण दिलं, पॅसेजमध्ये पोस्टर लावले, सह्या घेतल्या. सगळ्या ‘हो’ म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग यांच्यात सुरक्षेची जाणीव आणायची तरी कशी?

मी २३ वर्षं याच कामात आहे. आधी वॉर्डात स्टाफ नर्स होते. आता नागपुरातल्या वृद्धाश्रमांत जाऊन आणि घरोघरी ड्युटी करणाऱ्या अटेंडंट बायांना शिकवते. उत्तर लांबणार आहे. पण सुरुवात त्या मुलीपासून करते, कारण बाकी सगळं पुढच्या आठवड्यात केलं तरी चालेल, तिचं आजच व्हायला हवं.

सुई टोचल्यावर एचआयव्हीसाठी ज्या प्रतिबंधक गोळ्या देतात, त्या शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, मग २८ दिवस चालतात. ती वेळ गेली. तरी तिला मेडिकलला किंवा मेयोला, म्हणजे नागपुरातल्या दोन्हींपैकी एका सरकारी रुग्णालयात, घेऊन जा. दोन्हीकडे एचआयव्हीची तपासणी मोफत होते. हिपॅटायटिस बी आणि सी यांच्याही तपासण्या सांगा. आज एकदा, आणि मग सहा आठवडे, तीन महिने असं डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा. तिने हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर पहिला डोस उशीर झाला तरी घ्यायचाच, दुसरा एका महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. सगळ्या बाया एचआयव्हीला घाबरतात. खरं तर बाधित माणसाच्या रक्ताची सुई टोचली तर एचआयव्हीची लागण साधारण ०.३ टक्के वेळा होते, हिपॅटायटिस सीची १.८ टक्क्यांच्या आसपास, आणि लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीची ६ ते ३० टक्के. म्हणजे सगळ्यात मोठा धोका ज्याचा, त्यावरच लस आहे, आणि तीच आपल्या बायांना कोणी दिलेली नसते. अठराही जणींना द्या. तिसऱ्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडीची तपासणी करून घ्या, म्हणजे लस लागू पडली की नाही ते कळेल.

दोन गोष्टी मात्र जपा. एचआयव्हीची तपासणी तिच्या संमतीनेच होते आणि रिपोर्ट तिचा असतो, तुमच्या फाइलचा नाही. २०१७ च्या कायद्याने हे स्पष्ट केलेलं आहे. आणि ज्या दिवशी ती दवाखान्यात जाईल, त्या दिवसाचा पगार कापू नका. हे बाकीच्या सतरा जणी बघत असतात.

आता ती आठ दिवस गप्प का राहिली? अशा किती तरी मुलींशी मी बोलले आहे. ‘टोचल्यावर सांगायचं असतं’ हे एकीलाही माहीत नव्हतं असं झालेलं नाही. भीती वेगळीच असते. सिस्टर ओरडेल, ‘तुझंच लक्ष नव्हतं’ म्हणतील, घरी बसवतील, गावात कळलं तर लग्न मोडेल. एकीने मला सांगितलं होतं, “मॅडम, मी नळाखाली हात धरला, पट्टी लावली, अन् कोणाले सांगू?” हात नळाखाली धरला हे तिने बरोबर केलं होतं. साबण आणि वाहतं पाणी, एवढंच करायचं. बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, वरून स्पिरिट चोळायचं नाही. पण पुढचं ‘कोणाले सांगू’ हा तिचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर पोस्टरवर नव्हतं. तिथे एक नाव आणि एक फोन नंबर हवा होता, रात्री तीनला उचलला जाणारा.

तुमच्याकडे सुया टाकायचा पांढरा डबा कुठे ठेवलाय, ते बघा. बहुतेक ठिकाणी तो ऑफिसात असतो. मग मुलगी इन्सुलिन देते, सुई उघडी घेऊन पूर्ण पॅसेज चालायचं नाही म्हणून टोपण लावायला जाते आणि तिथेच टोचते. डबा खाटेजवळ आला, हात लांबवला की सुई आत पडेल इतका जवळ, तर टोपण लावायची गरजच राहत नाही. पण तो रुग्णाच्या हाताला लागणार नाही असा ठेवायचा, विशेषतः विसरभोळेपणाचा आजार असलेल्यांच्या खोलीत. औषधाच्या ट्रॉलीवरच बसवला तर सगळ्यात बरं.

एवढं सविस्तर सांगितलं, कारण तुमच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर यातच आहे. तुमच्या बायांना जाणीव आहे. जाणीव असूनही वागता येत नाही, अशी ड्युटी आपण त्यांना लावतो. जाणीव आणायची असेल तर आधी ड्युटीचा तक्ता लावणाऱ्यात आणायला हवी.

मी स्वतःचं सांगते. २००८ साली मी एका खासगी रुग्णालयात रात्रपाळीला होते. पहाटे चारच्या सुमारास एक जाडजूड काका खाटेवरून पायथ्याकडे घसरले होते, मान वाकडी झाली होती, श्वास घ्यायला त्रास होत होता. वॉर्डबॉय दुसऱ्या मजल्यावर. मी त्यांच्या काखेत हात घातले आणि वर ओढलं. कंबरेत चमक भरली ती पाच आठवडे उतरली नाही, चौथ्या-पाचव्या मणक्यामधली चकती सरकली होती. त्याच आठवड्यात मी विद्यार्थिनींना शिकवलं होतं, ‘गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा, एकट्याने कधी उचलू नका.’ मला सगळं पाठ होतं. समोर माणूस गुदमरत असताना पाठांतर उपयोगाला येत नाही.

हा केवळ माझा अनुभव नाही. २००८ मध्येच फिनलंडच्या संशोधकांनी, वजन उचलणाऱ्या कामगारांना, त्यांत बहुतांश रुग्णसेवेतले, योग्य पद्धतीचं प्रशिक्षण दिल्याने कंबरदुखी टळते का, हे तोवर झालेले सगळे अभ्यास एकत्र करून तपासलं. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ते छापून आलं. नुसत्या प्रशिक्षणाने फरक पडतो असा पुरावा त्यांना मिळाला नाही. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेच्या थॉमस वॉटर्स यांनी हिशोब मांडला होता की, परिस्थिती अगदी सोयीची असली तरी एका माणसाने रुग्णाचं सुमारे १६ किलोपेक्षा जास्त वजन हाताने पेलू नये. सत्तर किलोच्या माणसाचा नुसता एक पाय ११ किलोच्या आसपास असतो. म्हणजे ‘नीट पद्धतीने उचला’ हे सांगणंच मुळात चुकीचं आहे. माणूस नीट पद्धतीने उचलता येत नाही. त्याला सरकवायचं, वळवायचं, त्याच्याच ताकदीने उठवायचं.

आता तुमच्या रात्रीचा हिशोब करू. तुम्ही लिहिलंय की रात्री आठ ते सकाळी आठ दोघीच असतात. खाटेवरच्या ११ जणांची कूस दर दोन तासांनी बदलायची, म्हणजे बारा तासांत सहा वेळा. ११ गुणिले ६, झाले ६६. एका वेळेला, डायपर बघून, चादर सारखी करून, दोघींनी मिळून पाच मिनिटं धरा. ३३० मिनिटं, साडेपाच तास. हे दोघींनी सतत बरोबर राहून. मधल्या वेळात उरलेले २१ जण बेल वाजवणार, कोणाला बाथरूम, कोणाला पाणी, कोणाला नुसतं विचारायचं असतं की सकाळ झाली का. मग दोघी काय करतात? कामं वाटून घेतात. एक या टोकाला, एक त्या टोकाला. आणि तुमच्या पोस्टरवर लिहिलंय, ‘एकट्याने उचलू नका.’

या तक्त्यात काय बदलता येईल? प्रत्येकाची कूस दोन तासांनीच बदलायला हवी असं नाही. चांगली जाड फोमची गादी असेल आणि त्वचा शाबूत असेल, तर नर्सच्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने काहींना तीन-चार तासांनी चालतं. कोणाला किती, हे एकेकाची पाठ आणि टाच बघून ठरवा आणि खाटेवर लिहा. दुसरं, पहाटे पाच ते दुपारी एक अशी एक मधली ड्युटी काढा. तुमच्या तिघींची कंबर कोणत्या वेळी धरली ते विचारून बघा. माझा अंदाज आहे, पहाटे पाच ते सात. तेव्हा डायपर, अंघोळी, चहा सगळं एकदम येतं आणि बाई अकरा तास उभी असते. त्या दोन तासांना तिसरं माणूस मिळालं तर तुमची अर्धी दुखणी थांबतील, हे मी अनुभवावरून सांगते.

साधनांसाठी परदेशी यंत्रं घ्यायला हवीत असं नाही. माणूस झोळीत घालून उचलणारं हॉइस्ट परवडत असेल तर जरूर घ्या, एकच घ्या. पण त्याच्या आधी नवारीचा पट्टा शिवून घ्या. इतवारीच्या बाजारात चार इंची जाड नवार मिळते. बॅगा शिवणाऱ्याकडून त्याला मजबूत बक्कल आणि दोन्ही बाजूंना, मागे, हात घालता येईल अशा कड्या शिवून घ्यायच्या. आजोबांना खाटेवरून कमोड खुर्चीवर बसवताना तो कंबरेला, कपड्यावरून बांधायचा आणि तिथे धरायचं. काखेत हात घालून ओढलं की आपली कंबर जाते आणि त्यांचा खांदा. पोटाचं ताजं ऑपरेशन असेल, पोटात नळी असेल, तर पट्टा नको.

दुसरी वस्तू म्हणजे सरकती चादर. गुळगुळीत नायलॉनचं पॅराशूटसारखं कापड घ्यायचं आणि खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी दोन्ही बाजूंनी उघडी नळी शिवायची. ती माणसाखाली घातली की कापडावर कापड सरकतं. आधी खाटेची डोक्याकडची बाजू खाली करायची, मग दोघींनी दोन बाजूंनी चादरीचा काठ धरून वर सरकवायचं. आजोबांच्या पायात थोडी ताकद असेल तर त्यांचे गुडघे मोडून ठेवायचे आणि म्हणायचं, ‘बाबा, तीन म्हटल्यावर टाचा रोवा.’ पुष्कळ जण स्वतःच वर जातात, आपण नुसता हात लावतो. काम झालं की ती चादर लगेच काढून घ्यायची. राहिली तर तीच माणसाला खाटेखाली सरकवेल.

कूस बदलणं मी एकदा जवळून सांगते, कारण हेच काम तुमच्या बाया रात्रीतून सगळ्यात जास्त वेळा करतात. समजा आजी उताणी झोपली आहे आणि तिला तुमच्याकडे वळवायचं आहे. खाट तुमच्या कंबरेच्या उंचीला हवी. उंची बदलत नसेल आणि खाटेला चाकं नसतील, तर सुताराकडून खाचेचे लाकडी ठोकळे करून पायांखाली द्या, विटा नकोत, त्या निसटतात. पण स्वतःहून उठणाऱ्या माणसाची खाट उंच करायची नाही, तो पडेल. मग आजीला सांगायचं की वळवतेय. तिचा पलीकडचा हात छातीवर आणायचा. पलीकडचा गुडघा उभा करायचा, तळवा गादीवर टेकलेला. एक हात तिच्या पलीकडच्या खांद्यामागे, दुसरा पलीकडच्या खुब्यावर. आपला एक पाय पुढे, एक मागे. आणि आता ओढायचं नाही, नुसतं पुढच्या पायावरचं वजन मागच्या पायावर न्यायचं. आजी आपोआप वळते. उभा केलेला गुडघाच तिला फिरवतो. पहिल्यांदा हे जमतं तेव्हा बाया हसतात, ‘अरे, काहीच जोर नाही लागला.’

म्हणून माझं म्हणणं, दोन तासांचं व्याख्यान पुन्हा करू नका. ड्युटी बदलताना पंधरा मिनिटं घ्या, खाटेपाशी, एका वेळी एकच गोष्ट. आणि पहिल्या दिवशी, ताई, खाटेवर तुम्ही झोपा. अंग सैल सोडा आणि त्यांना तुमची कूस बदलू द्या. काखेतून ओढल्यावर कसं वाटतं ते तुम्हाला कळेल, आणि मालकीणबाई स्वतः झोपल्या म्हटल्यावर त्या बोलायला लागतील. मध्य प्रदेशातल्या शिवणी-बालाघाटकडून आलेल्या मुली असतील तर त्यांच्याशी हिंदीत बोला. पोस्टर हवेच असतील तर तुमच्याच दोन बायांचे, तुमच्याच खाटेपाशी काढलेले फोटो लावा. परक्या चित्रातल्या निळ्या पोशाखातल्या नर्सकडे कोणी बघत नाही.

पडलेल्या माणसाबद्दल नियम एकच ठेवा: उचलायचं नाही, उठवायचं. पडताना झेलायला तर मुळीच जायचं नाही. जवळ असाल तर त्याला आपल्या अंगावरून अलगद खाली घसरू द्यायचं आणि डोकं सांभाळायचं. खाली पडल्यावर घाई नको, उशी द्या, अंगावर घाला, बघा. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, जांघेत दुखतंय म्हणाले, तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं, हलवू नका, १०८ ला फोन करा. डोक्याला लागलं असेल, गुंगी येत असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तरी आधी डॉक्टर. काही नसेल तर एका कुशीवर, मग कोपरावर, मग रांगल्यासारखं हात-गुडघ्यांवर. समोर खुर्ची ठेवायची, त्यांनी तिच्यावर हात टेकायचे, एक पाय पुढे घ्यायचा आणि उठायचं. मागून दुसरी खुर्ची. वेळ लागतो, दहा मिनिटंही लागतात. तेवढा वेळ तक्त्यात हवा, नाही तर दोघी जणी हात-पाय धरून उचलणारच.

त्वचेचं एक सांगते, कारण ते वृद्धाश्रमात लपवलं जातं. खरूज. एका ठिकाणी मी गेले तेव्हा चार महिने खाज फिरत होती. एका आजीला मलम, पंधरा दिवसांनी एका मावशीला, मग दुसऱ्या आजीला. जी मावशी खाजवताना दिसे तिला ‘अंघोळ करत जा’ म्हणत. खरुजेचा अस्वच्छतेशी संबंध नाही, ती त्वचेला त्वचा लागून पसरते, आणि पहिल्यांदा झाली तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर ती बाई बिनखाजेची असते आणि दुसऱ्यांना खरूज देत राहते. त्यामुळे उपाय एकाच रात्री सगळ्यांना करावा लागतो: राहणारे, कर्मचारी आणि कर्मचाऱ्यांच्या घरचे. डॉक्टरांच्या सल्ल्याने ५ टक्के परमेथ्रिनचं मलम मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, रात्रभर. सकाळी अंघोळ, चादरी-कपडे गरम पाण्यात. आठवड्याने पुन्हा एकदा. त्या ठिकाणी असं केलं आणि ती साखळी तुटली. मलमाचा खर्च आश्रमाने केला, मावशीच्या नवऱ्या-मुलांसकट. तिने तो स्वतः करायचा म्हटलं असतं तर ती गप्पच बसली असती.

उन्हाळ्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, आणि नागपुरात तो विषय सोडून चालणार नाही. मे महिन्यात पारा ४५-४६ ला जातो, नवतपात तर विचारू नका. आजी-आजोबांच्या खोल्यांत कूलर असतो. पण चादरी वाळत घालायला दुपारी एक वाजता गच्चीवर कोण जातं? कर्मचाऱ्यांची जेवायची जागा कुठे आहे, टिनाखाली का? मार्च ते जून गच्चीवरचं काम सकाळी नऊच्या आत आणि दिवस मावळल्यावर. खिशात कांदा ठेवणाऱ्या मावशीला मी कधी नाही म्हणत नाही, पण तिने पाणी किती प्यायलं ते मात्र विचारते. इथे खरी गोम आहे. पुष्कळ बाया मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण त्यांना जायला संडास नाही. घरी ड्युटी करणाऱ्यांचे हाल तर बघवत नाहीत. बारा तास आजींचं शी-शू काढणाऱ्या बाईला त्याच घरातला संडास वापरू देत नाहीत. मग उन्हाळी लागते, जळजळ होते, ताप येतो, आणि चक्कर येऊन पडली की ‘घरूनच आजारी आली होती.’ तुमच्या १८ जणींसाठी स्वच्छ, आतून कडी लागणारा संडास कोणता आहे, हे आज बघून घ्या. उन्हातून आलेली बाई असंबद्ध बोलायला लागली आणि अंग तापलेलं असेल तर तो उष्माघात आहे. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ बोलवा.

आणि कूलर. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या करंटने माणसं जातात. फरशी ओली, पाय अनवाणी, टाकी लोखंडी, आणि पंप चालू असतानाच बादलीने पाणी ओतायचं, कारण बंद केला तर बाबा ओरडतात. नियम करा: प्लग काढल्याशिवाय कूलरला हात नाही. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलीअँपियरवर तुटणारं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारं बटण, बसवून घ्या. हे अक्षयतृतीयेच्या आत उरकायचं.

संडास धुताना ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र पडलं की क्लोरीन वायू निघतो. छोट्या बाथरूममध्ये दार लावून घासणारी बाई खोकून बेजार होते. दोन्ही एका कपाटात ठेवू नका, आणि बिनलेबलच्या पाण्याच्या बाटलीत तर काहीच भरू नका. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत दिवा-उदबत्ती नाही, नातेवाईक कितीही म्हणाले तरी. बाथरूमजवळ घासलेल्या चपला दिसल्या तर तुम्ही स्वतः नव्या, पकड असलेल्या आणून द्या.

आता जे कोणी बोलत नाही ते. अंघोळ घालताना हात धरणं, छातीला हात लावणं, घाणेरडं बोलणं. काही आजोबा आजारामुळे असं वागतात, त्यांना कळतही नाही. काहींना पूर्ण कळतं. कधी भेटायला आलेला मुलगा किंवा जावई असतो. मुलगी सांगायला गेली की उत्तर ठरलेलं: ‘अगं, वय झालंय त्यांचं, समजून घे.’ वागण्याचं कारण आजार असलं तरी तिच्या अंगावर हात पडला, हे तसंच राहतं. त्या आजोबांच्या अंघोळीला दोघी जणी जाव्यात किंवा पुरुष कर्मचारी द्यावा, डॉक्टरांना कळवावं, आणि तिला विचारल्याशिवाय पुन्हा त्या खोलीत पाठवू नये. नातेवाईक असेल तर त्याला बाहेर काढायची हिंमत तुम्हाला दाखवावी लागेल. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. तुमच्याकडे १८ आहेत. अध्यक्ष ज्येष्ठ महिला कर्मचारी, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या बाया, आणि एक बाहेरची जाणकार व्यक्ती. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. घरी ड्युटी करणाऱ्या बाईलाही हाच कायदा लागू आहे, ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाऊ शकते. हे किती जणींना माहीत असतं? ज्ञान कमी आहे असं मी म्हणेन ती ही एक जागा.

विस्मृतीच्या रुग्णाच्या मारण्या-बोचकारण्याबद्दल एवढंच: मागून जाऊन हात लावायचा नाही, समोरून, नजरेच्या उंचीला येऊन, नावाने हाक मारून. संध्याकाळी घालमेल वाढते, तेव्हा अंघोळ-कपडे बदलणं टाळा. केस बांधलेले, गळ्यात ओढता येईल असं काही नाही.

पैशांचं राहिलं. कामावर इजा झालेल्या कामगाराला भरपाई द्यायचा कायदा या देशात १९२३ मध्येच आला. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांची ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची, नोंदणी तुमच्या हिशोबनिसाकडून तपासून घ्या. मालकाचा हिस्सा सव्वातीन टक्के, कामगाराचा पाऊण टक्का. सोमवारी पेठेतलं कामगार विमा रुग्णालय त्यासाठीच आहे. ज्या दोघी कंबर धरून अजून कामावर आहेत, त्यांना महिना-दीड महिना उचलण्याचं काम देऊ नका, पण घरीही बसवू नका. जेवू घालणं, औषधांची नोंद, गप्पा मारणं, ही कामंही तुमच्याकडे भरपूर असतील. घरी बसवलंत तर चौथी बाई कंबर दुखतेय हे कधीच सांगणार नाही.

शेवटी एक वही करा. शंभर पानी, रेघांची, जेवणाच्या टेबलाजवळ दोरीला बांधलेली. त्यात काय झालं, कुठे, किती वाजता, आणि तेव्हा सोबत कोण होतं, एवढंच लिहायचं. लिहिणारीचं नाव नको. लागलं नाही पण थोडक्यात वाचली, तेही लिहायचं. लिहिता येत नसेल तर दुसरीकडून लिहून घ्यायचं. दर सोमवारी सगळ्यांसमोर वाचायची आणि पुढच्या सोमवारी आधी सांगायचं की मागच्या नोंदींपैकी कशाचं काय केलं. पहिले दोन-तीन आठवडे वही कोरी राहील, कारण त्या तुमची वाट बघत असतील. म्हणून पहिली नोंद तुम्ही करा, तुमच्या अक्षरात: एका मुलीला सुई टोचली, डबा ऑफिसात होता, आम्हाला आठ दिवसांनी कळलं, डबा आज ट्रॉलीवर बसवला.